ज्योत चालू असताना

कल्पना करा हं, भर दुपारी तुम्ही पडदे ओढलेल्या खोलीत स्टुलावर बसला आहात. समोर तुमची मावशी दागिने घडवते आहे. अंधार मुद्दाम केलेला, कारण तापलेल्या चांदीचा रंग उजेडात नीट दिसत नाही. नियम एकच: ज्योत चालू असताना अवाक्षर काढायचं नाही.

अशीच एक मुलगी बसली होती. मावशीपुढच्या विटेवर एक चिरलेली बांगडी होती, जोडीतली दुसरी, तशीच चिरलेली, शेजारी वाट बघत होती. कुणाच्या तरी आईची तेवढीच आठवण उरलेली. चांदी लालसर झाली. चिरेवर ठेवलेला डाखाचा, म्हणजे सांधा जोडणाऱ्या धातूचा, कण चकाकला आणि पाण्यासारखा आत पसरला. याच क्षणी मावशी ज्योत बाजूला घेते, नाहीतर बांगडीचा गोळा होतो. आज मात्र ती हात हलवेना. बांगडीची कड थरथरू लागली. मुलगी पुढे झुकली.

"मावशी, झालं गं."

ज्योत विझली. आता ओरडा बसणार म्हणून मुलीनं मान खाली घातली.

"वितळली का गं?" मावशीनं हळूच विचारलं. बांगडी तर तिच्या नाकासमोर होती.

"नाही. छान जुळली."

"डोळ्यांचं तुझ्या आईला सांगू नकोस हं. काम सोडायला लावेल ती." मावशीनं दुसरी बांगडी चाचपून बाजूला सारली. "दुसरी राहू दे."

मुलीनं स्टूल मावशीला अगदी चिकटवलं, चिमट्यानं दुसरी बांगडी विटेवर मांडली आणि म्हणाली, "लाव ज्योत. आता मी गप्प बसणार नाही."