शिक्षण मात्र विनामूल्य

“आणि हा शांतता निधी कसला?” दलालाने विचारलं.

“जनरेटरचा,” प्रवेशप्रमुख मंद हसून म्हणाले. “वीज गेली की प्रार्थनेत व्यत्यय येतो.”

दलालाने खुर्ची पुढे ओढली. आता कुठे त्याला मोकळं वाटायला लागलं होतं. धर्मसंस्थेच्या या खासगी विद्यापीठात शिरताना तो बिचकला होता. चकचकीत फरशी, दबक्या आवाजात बोलणारी माणसं, भिंतीवर सुवचनं. त्याचा जन्म गेला जुन्या गाड्या विकण्यात. पण समोरचा माणूस चार वर्षांच्या खर्चाचा अंदाज सांगू लागला आणि दलालाने मनातल्या मनात शड्डू ठोकला. अरे, हा तर आपल्याच धंद्यातला!

“शिक्षण विनामूल्य आहे. ज्ञान आम्ही विकत नाही,” हे प्रमुखांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. ज्ञान सोडून बाकी सगळं मात्र विकायला होतं. वर्गात बसायला आसनसेवा, उजेडाला प्रकाशसेवा, पुस्तकाला हात लावायचा तर ग्रंथवंदना, परीक्षेआधी आशीर्वाद आणि नापास झाल्यास प्रायश्चित्त. दलालही गाडी स्वस्तात सांगायचा आणि टायरचे पैसे वेगळे लावायचा. सगळं मिळून जो आकडा झाला, त्यात त्याचं दुकान आणि राहतं घर दोन्ही गेली असती.

पण माघार घेऊन चालणार नव्हतं. मुलीच्या नावापुढे या विद्यापीठाची पदवी लागली की आपल्या नावामागचं ‘जुन्या गाड्यांवाला’ पुसलं जाईल, असं त्याने मनाशी धरलं होतं. सरकारी महाविद्यालयाच्या यादीत तिचं नाव लागलं, तेव्हा त्याने ते धड ऐकूनही घेतलं नव्हतं.

मुलगी शेजारीच बसली होती. तिला घरात बारकी म्हणत. तिला औषधं कशी बनतात ते शिकायचं होतं.

“सर, प्रयोगशाळा संध्याकाळी उघडी असते का?” तिने विचारलं.

“थांब गं जरा, मोठी माणसं बोलतायत,” दलाल म्हणाला. “साहेब, जेवणाचं जरा जास्तच होतंय.”

“आठवड्यातून तीन उपास धरले तर निम्म्यावर येईल.”

“धरेल की! नाहीतरी तिचं खाणं चिमणीएवढं.”

बारकीने बापाकडे पाहिलं. सकाळीच तिने दोनदा वाढून घेतलं होतं.

मग दलालाला चेव चढला. पहाटे उठून प्रार्थनागृहाची फरशी पुसली तर खोलीचं भाडं माफ होत होतं. “पुसेल.” मोबाईल संस्थेत जमा केला तर चार्जिंग वाचायचं, म्हणजे प्रकाशसेवा उडाली. “करेल जमा.” सुट्टीत घरी न जाता दारोदार देणग्या गोळा केल्या तर आसनसेवाही गेली. “सुट्टीत घरी येऊन तरी काय दिवे लावणार आहे!”

“सर, प्रयोगशाळेचं...” बारकीने पुन्हा तोंड उघडलं.

“उरलं मूळ अर्पण, म्हणजे प्रवेशाची देणगी,” प्रमुख म्हणाले.

“तेवढं कशाला ठेवता, साहेब?”

प्रमुखांनी डोळे मिटले. उघडले. “पदवीनंतर सात वर्षं संस्थेच्या औषधालयात विनावेतन सेवा. लग्न अर्थातच संस्थेच्या परवानगीने. मग पालकांना एक पैसाही पडणार नाही.”

दलालाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. फुकट! आयुष्यात असा सौदा त्याच्या हातून झाला नव्हता. बायकोला, नातेवाइकांना हे कसं रंगवून सांगायचं, याची जुळवाजुळव त्याच्या डोक्यात सुरूही झाली. त्याने मुलीच्या हातात पेन दिलं. “कर सही.”

“बाबा, तुम्ही सगळं माफ करून घेतलंत,” बारकी म्हणाली. “पण मग हे फेडणार कोण?”

“वेडी आहेस का? फेडायचं काही उरलंच नाही!”

तिने पेन टेबलावर ठेवलं, पिशवी उचलली. “येते मी, सर,” म्हणाली आणि दाराबाहेर पडली.

दलालाला भरून आलं. शेवटी पोर कोणाची! सौदा तुटायला आला की उठायचं, दाराकडे चालू लागायचं. समोरचा हाक मारतोच. हे त्याने तिला कधी शिकवलं नव्हतं. त्याने मुद्दाम दाराकडे पाहिलं नाही. प्रमुखही मुरलेले, त्यांनीही पाहिलं नाही. आता जो आधी बोलेल तो हरला.

बराच वेळ गेला.

“पाच वर्षं,” प्रमुख म्हणाले.

दलालाने छताकडे पाहिलं.

“बरं, तीन. आणि मोबाईल सुट्टीच्या दिवशी देऊ.”

दलालाला हसू आवरेना. पोरीला ही बातमी खुणेने कळवावी म्हणून त्याने दाराबाहेर डोकावलं, मग तो खिडकीशी गेला. भाव पाडायला उठलेला माणूस दाराशी घुटमळतो, फार तर जिन्यात. बारकी जिन्यात नव्हती, आवारातही नव्हती. ती फाटकाबाहेर पोचली होती आणि रस्त्याने भराभर, जवळजवळ पळतच चालली होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. दलालाचं हसू ओठांवरच थिजलं. तिच्याबद्दल आपण इथे काय काय कबूल केलं, ते त्याला एकेक करून आठवू लागलं.

“एक वर्ष,” मागून प्रमुखांचा आवाज आला. आता तो तितकासा मंद नव्हता. “हा माझा शेवटचा शब्द. हाक मारा तिला.”

दलालाने खिडकी लावून घेतली.

“उगाच खाली येताय, साहेब,” तो म्हणाला. “पोरगी भाव करत नव्हती.”