शेपटाची जागा

लिफ्टवाल्याचा हिशेब साधा होता. शनिवार-रविवार पाय झिजवायचे, चष्मेवाल्यांच्या गटामागून निमूट चालायचं आणि शिखरावर पोचलं की त्यांच्याकडे त्यांच्या मुलीला मागणी घालायची. मुलगी कधीच राजी झाली होती, अडून बसला होता तो बाप. चष्मेवाले दुकानात लोकांचे डोळे तपासत. माणूस मात्र डोंगरावर तपासत. "वर ये, मग विषय काढ," एवढंच ते म्हणाले होते.

डोंगरही त्यांनी असा हुडकला होता की नकाशालासुद्धा त्याचं नाव आठवू नये. जिथे चहाची टपरी लागते तिथे त्यांचा गट जातच नसे. जोडशिखरं, मधल्या खिंडीत एक जुनं देऊळ, आणि त्यातल्या देवाला बहुधा वर्षभरात एवढीच माणसं दिसणार होती.

गटाची शिस्त कडक. सगळ्यांत पुढे चष्मेवाले, त्यांच्या पाठोपाठ त्यांची मुलगी. सगळ्यांत मागे शेपूट, म्हणजे गळ्यात शिट्टी अडकवलेला एक भरवशाचा माणूस. शेवटचा गडी थांबला की शेपटानं थांबायचं. शेपटाच्या मागे कोणी म्हणजे कोणी राहायचं नाही. या खेपेला शिट्टी लिफ्टवाल्याच्या गळ्यात पडली.

"जमेल ना रे? तुम्हा लोकांना बटण दाबून वर जायची सवय," चष्मेवाले सगळ्यांदेखत म्हणाले.

"बटण दुसरे दाबतात, काका. लिफ्ट बंद पडली की दुरुस्तीला आम्ही जिन्यानंच जातो."

पोरगा चालला झकास. मागून चालणाऱ्याला पुढची सगळी पावलं दिसतात, आणि यंत्र बंद पडायच्या आधीच त्याची कुरकुर ऐकणं हा तर याचा रोजचा धंदा. चष्मेवाले प्रत्येक वळणावर थांबून काहीबाही माहिती देत होते. पहिल्या वळणावर एका झाडाची, दुसऱ्यावर पाखरांची. चढ जितका उभा, तितकी माहिती लांब. खिंडीच्या अलीकडे तर त्यांनी एका साध्या धोंड्यावर असं व्याख्यान झोडलं की गटातल्या बेकरीवाल्या मावशींनी त्याला नमस्कारच केला.

देवळापाशी त्यांनी पाठीवरची पिशवी उतरवली. "इथून पुढे तू ने सगळ्यांना," ते मुलीला म्हणाले. "मला हे कोरीवकाम नीट बघायचंय."

देवळाच्या चारी भिंती सपाट होत्या.

मुलीनं बापाकडे पाहिलं, लिफ्टवाल्याकडे पाहिलं, आणि "या लवकर" म्हणून ती गट घेऊन निघाली. लिफ्टवाला पायरीवर टेकला.

"तू का बसलास? जा."

"माझ्या मागे कोणी राहत नाही, काका. नियम तुमचाच आहे."

"मी नेता आहे. मी त्यात धरायचा नसतो."

"पुढे होतात तोवर ठीक. आता मागे आहात."

चष्मेवाल्यांचा आवाज चढला. "शिखर चुकलं तर विषयही चुकला, समजलास? परत काढू देणार नाही."

लिफ्टवाल्यानं वर पाहिलं. गट शेवटच्या चढाला लागला होता, मुलगी सगळ्यांत पुढे. अजून धावला असता तर गाठलं असतं. त्यानं आपली पिशवी उघडली आणि गुडघ्याला बांधायची पट्टी काढली.

"कधीपासून दुखतोय?"

"काय कधीपासून? कोण म्हणालं तुला?"

"तो धोंडा म्हणाला."

चष्मेवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग हळूच त्यांनी पँट वर केली. गुडघा टरारून सुजला होता. लिफ्टवाल्यानं पट्टी घट्ट, बेतशीर बांधली. यंत्राच्या जड लोखंडाला हात लावावा तशी, जपून.

"तिला कळता कामा नये," चष्मेवाले म्हणाले. "कळलं तर घरात बसवेल मला. माझे रविवार संपतील."

"मी काहीच पाहिलं नाही. मी कोरीवकाम बघत होतो."

वरून हाका, हसणं ऐकू आलं. बऱ्याच वेळानं गट उतरून आला. मुलीचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. "वर का आला नाहीस?" तिनं सरळ लिफ्टवाल्यालाच विचारलं.

तो तोंड उघडायच्या आत चष्मेवाले म्हणाले, "याला दम लागला. एकटा कसा टाकायचा, म्हणून थांबलो मी."

"लिफ्ट बंद पडली म्हणा की," बेकरीवाल्या मावशी म्हणाल्या, आणि गट खिदळला.

लिफ्टवाल्यानं चष्मेवाल्यांकडे पाहिलं. ते देवळाच्या सपाट भिंतीकडे टक लावून बघत होते.

"हो मावशी," तो म्हणाला. "अडकली मधल्या मजल्यावर."

मुलगी हसली नाही. तिनं हात पुढे केला. "शिट्टी दे. दमलेल्या माणसाकडे नको ती. उतरताना शेपूट मी."

"तू पुढे हो की," चष्मेवाले घाईनं म्हणाले.

"पुढे मावशी आहेत, बाबा. तुम्ही दोघं माझ्या पुढे चला. सावकाश."

उतार सुरू झाला. चष्मेवाल्यांनी लिफ्टवाल्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चला जावईबापू, धरा मला नीट. पडाल नाहीतर." हात म्हणता म्हणता सगळा भार त्या खांद्यावर आला. खांदा हलला नाही. दोन-चार पावलं गेल्यावर लिफ्टवालाही लंगडू लागला, बापाचा दुखरा होता त्याच पायानं, बापाच्याच तालात. मागून मुलगी ते बघत सावकाश येत होती.

गटाला महिनाभर पुरेल एवढा चेष्टेचा विषय मिळाला, शिखर मुलीनं घेतलं, बापाचे रविवार वाचले. सगळ्याची किंमत चुकवली ती एका धडधाकट माणसाच्या लंगडण्यानं.