भिंगरीची शिकवणी

"आत नका येऊ हवं तर, बाबा. नुसतं दारापर्यंत या."

वर्षं लोटली, तरी लेकीचा तो फोनवरचा आवाज मास्तरांच्या कानातून गेला नव्हता. ती तेव्हा सायकलदुरुस्तीचं दुकान उघडत होती. मास्तरांना तिला आपल्यासारखी खेळाची शिक्षिका करायची होती. "बघतो," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला होता.

आता दुकान रस्तारुंदीकरणात गेलं होतं आणि लेक दोन बॅगा अन् एक कुत्र्याचं पिल्लू घेऊन घरी परतली होती.

पिल्लू मेंढरं राखणाऱ्या जातीचं. पांढरंशुभ्र, एका डोळ्याभोवती काजळ पसरल्यासारखा डाग. अंगात नुसतं वारं. घरात मेंढरं नव्हती, म्हणून त्यानं माणसं वळायला घेतली. आई स्वयंपाकघरात, मास्तर पुढच्या खोलीत, लेक वरच्या मजल्यावर, हे त्याला पटायचंच नाही. टाचांना हलके दात लावत, गोल गोल फिरत ते तिघांना एका खोलीत आणायचं आणि मग दारात आडवं पडायचं. बापलेक एकमेकांकडे न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसायचे.

"भिंगरी आहे नुसती!" आई म्हणाली. तेच नाव पडलं.

मास्तरांची उभी हयात शाळेच्या मैदानावर गेलेली. त्यांच्या एका आरोळीनं पार पलीकडच्या टोकाची पोरंसुद्धा जागच्या जागी थिजायची.

"महिनाभर बघेन," ते बायकोला म्हणाले, पण लेकीला ऐकू जाईल असं. "'बस' म्हटल्यावर बसली नाही, तर जिथून आणली तिथं पोचवायची."

लेकीचा चेहरा उतरला. "शिकवणार कोण म्हणावं, आई?"

"मी शिकवणार, सांग तिला."

"मला काय पोस्टमन नेमलंय का दोघांनी?" आई म्हणाली. "तोंडं आहेत ना तुम्हाला?"

पहिल्या दिवशी परसात मास्तरांनी गळ्यातली शिट्टी फुंकली. भिंगरी त्यांच्या बुटाची नाडी चावत राहिली. मग ते गरजले, "बस!" शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. भिंगरी मात्र पाठ फिरवून फुलपाखरामागे धावली.

"माझ्या आवाजाला न घाबरलेलं या घरातलं हे पहिलंच पोर," मास्तर म्हणाले. त्यांना थोडं बरं वाटलं आणि थोडं लागलंही.

दुसऱ्या दिवशी आईनं स्टूल स्वयंपाकघराच्या खिडकीखाली मांडलं. "इथं बसा, खिडकीकडे पाठ करून. सावली असते. आणि ओरडू नका. बिस्किटाचा तुकडा हातात ठेवा, अन् मायेनं सांगा."

मास्तरांनी नाक मुरडलं, पण बसले. "बस," ते म्हणाले.

भिंगरी बसली.

मग शिकवणीला बहर आला. 'बस' झालं, 'थांब' झालं, 'ये' झालं. आवाज खाली उतरत उतरत पुटपुटण्यावर आला, तरी भिंगरी चुकेना. एकच खोड राहिली. ती मास्तरांच्या डोळ्यांत बघत नसे. बघायची ती त्यांच्या खांद्यावरून, थोडं वर.

"नजर देत नाही," ते कुरकुरले.

"तुमच्या हाताखालच्या पोरांतलं कोण देत होतं?" आई म्हणाली.

एकदा मायलेकी बाजारात गेल्या, तेव्हा भिंगरीनं एकही शब्द पाळला नाही. "रविवार आहे आज," आई परतल्यावर हसत म्हणाली. "सुट्टी असेल तिची." लेक हसली नाही. ती लगबगीनं भांडी घासायला गेली.

शिकवणी संपली, तरी मास्तर स्टुलावरून उठेनासे झाले. मागे खिडकीत नळ वाहत असायचा, भांडी वाजायची. त्या आवाजाच्या आडोशानं ते भिंगरीशी बोलायचे. गुडघ्याचं दुखणं, मैदानावरची जुनी पोरं, काहीबाही. भिंगरी पुढचे पाय त्यांच्या मांडीवर ठेवून हनुवटी छातीला टेकवायची आणि गप्प राहायची. इतकं मन लावून त्यांचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

महिना भरला त्या संध्याकाळी ते तिच्या मानेवरून हात फिरवत म्हणाले, "पास झालीस. आता कुठं जायचं नाही." भिंगरीनं हनुवटी टेकवली. मागे नळ वाहत होता.

"तुला म्हणून सांगतो," मास्तर हलकेच म्हणाले. "मी गेलो होतो गं त्या दिवशी. दुकानासमोरच्या बसथांब्यावर उभा होतो. इस्त्रीचा सदरा घालून. पोरीनं शटर अर्धंच वर केलं होतं. वाकून वाकून रस्त्याकडे बघायची. मधे एवढासा रस्ता, पण माझे पाय निघेनात. मुलांना उभा जन्म धावायला शिकवलं मी. शेवटी तिनं एकटीनं शटर वर ढकललं. हातांना ग्रीस लागलेलं. मनगटानं डोळे पुसले तिनं. मी घरी आलो आणि हिला सांगितलं, मैदानावर गेलो होतो."

भिंगरी हलली नाही.

"झालं. कुणाला सांगू नकोस. जा आता."

ती तशीच.

"जा म्हटलं ना. ये, चल." मास्तर उठले, तिला बाजूला सारलं. ती पुन्हा जागेवर बसली. नजर त्यांच्या खांद्यावरून वर, ठरल्यासारखी.

मास्तर प्रथमच मागे वळले.

खिडकीत लेक उभी होती. उजवा हात वर, पंजा उघडा, 'थांब' म्हणावं तसा. बोटांवरून साबणाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलेलं. नळ केव्हाच बंद झाला होता. तिनं हात खाली घेतला, तशी भिंगरी उठून खिडकीकडे झेपावली.

"बाबा," लेक म्हणाली, "तिला जन्मापासून काहीच ऐकू येत नाही. मला येतं."