बाजूच्या खांबांमधून

"आज हरलो तर हे बूट कायमचे काढले," असं कौस्तुभनं गाडीतच कबूल केलं होतं. म्हणून परक्या गावच्या मैदानाकाठी बाळाला खिमट भरवत मी मनोभावे नवऱ्याच्या पराभवाची वाट बघत होते.

लक्षणं चांगली होती. ऑस्ट्रेलियन फुटबॉल म्हणजे चेंडूच्या निमित्तानं केलेली मारामारी. आमचे तिघे गुडघ्यांना बर्फ लावून बसले होते, कौस्तुभ लंगडत होता. तरी शेवटच्या मिनिटाला गुण बरोबरीत होते आणि चेंडू नेमका त्यानंच झेलला. झेलल्याबद्दल त्याला गोलसमोर निवांत किक मिळाली.

उजवा घोटा सुजलेला, म्हणून त्यानं डाव्या पायानं मारली. चेंडू मधल्या खांबांऐवजी बाजूच्या खांबांमधून गेला. चुकला, मी हुश्श केलं. तेवढ्यात पंचानं झेंडा हलवला. या खेळात थोडक्यात नेम चुकला तरी एक गुण देतात. त्या एका गुणानं आम्ही जिंकलो.

दोघांच्या खांद्यांवर लोंबकळत तो आला. "बघितलंस?"

"बघितलं. नेम चुकला."

"मग टाळ्या वाजवताना बाळाच्या डोक्यावर खिमट कुणी सांडलं?"

"पाय वर घे, सुजलाय," मी म्हणाले. "पुढच्या शनिवारी लवकर निघू."