जिवंत कला

शहराला जागतिक डिझाइन नगरीचा किताब मिळावा म्हणून अर्ज तयार होत होता. त्यातल्या 'जिवंत कला' या भागात एकच नाव होतं, माझ्या बाबांचं. कापडछपाईचे लाकडी ठसे हाताने कोरणारे आता तेवढेच उरले होते. ते दवाखान्यात दाखल झाले आणि अर्ज लिहिणाऱ्या मॅडमचा रोज सकाळी मला फोन येऊ लागला.

"बाबा कसे आहेत? आहेत ना?"

"आहेत, मॅडम."

ऑक्सिजनच्या मास्कआडून बाबा हसायचे. "जन्मभर कुत्रंही विचारत नव्हतं. आता बघ, सगळ्या शहराचा जीव माझ्यात अडकलाय."

आज दुपारी बाबा गेले. रडू आवरेना, तरी पहिला फोन मी मॅडमनाच लावला. सख्ख्या काकाच्याही आधी.

"मॅडम, बाबा गेले हो."



"कधी?" त्यांचा आवाज कापत होता.

"आत्ताच. तासभर झाला असेल."

त्यांनी मोकळा सोडलेला श्वास मला फोनवरही ऐकू आला.

"मग हरकत नाही. आपला अर्ज सकाळीच गेलाय."