निळ्या पट्ट्यांचा शर्ट

ऐक गं सुगंधा, नुसतं ऐक. मधे तोंड घालू नकोस, सगळं सांगते.

आमच्या शेजारची शेवंतीवहिनी. तिचा नवरा गुणाजी फत्तेमारीवर खलाशी होता. पाच वर्षांपूर्वी कौलं भरून मुंबईला निघाले आणि वाटेत फत्तेमारी बुडाली. बाकीच्यांची प्रेतं किनाऱ्याला लागली. गुणाजीचं नाही. तेव्हापासून तिची सासू, कृष्णाकाकी, एकच धोशा लावून बसलेली, की दर्भाचा बाहुला करायचा, त्यालाच अग्नी द्यायचा आणि दिवस घालायचे. समुद्रात गेलेला माणूस मिळाला नाही की आमच्यात तसंच करतात. पण बायको हो म्हणेना तर कसं करणार?

एकदा भटजी दर्भ घेऊन आलेच. शेवंतीवहिनी कोयता घेऊन अंगणात उभी.

"माझ्या घोवाक जाळूक इलास? आधी माका जाळा!"

भटजी चप्पल तिथेच टाकून पळाले. खोटं नाही सांगत, मी ती चप्पल पोचवून आले.

तर परवा मालवणच्या बंदरावर काशीरामशेटचा माल उतरला. जुने कपडे गं. मिठाची ती मोठी वखार असते ना, ती अख्खी भरलेली. कोट, विजारी, लुगडी, नुसते डोंगर! सगळा गाव लोटला. आम्ही तिघी होडीतून गेलो, काकी, वहिनी आणि मी.

वहिनीने उचललं काय, तर हिरवंगार लुगडं. छातीला लावून बघायला लागली. बाजूच्या बायका लगेच कुजबुजल्या.

"घोव पाण्यात, आणि हिका हिरवा होया!"

वहिनी वळली. "पाण्यात गेलेलो तू बघलंस? नाय मा? मगे गप ऱ्हव. माझो घोव येतलो तेव्हा मी काय फडक्यात उभी ऱ्हवतलंय?"

काकीने कपाळावर हात मारला. "सगळ्यांसमोर माझी अब्रू काढ गो, बाये!"

मी तिकडे एक गाठोडं उचकत होते. गाठ सैल झालेली, त्यातून एक बाही बाहेर आलेली. ओढली, तर निळ्या पट्ट्यांचा शर्ट. खालून कापलेला होता, म्हणून मी टाकणार होते. तेवढ्यात काकीने तो माझ्या हातातून हिसकला.

"गो शेवंती! ही बटणां बघ!"

बटणं जाळ्याच्या सुताने बसवलेली. वर जाळं विणताना मारतात तशी गाठ. अशी बटणं आमच्या अख्ख्या देवबागात एकटी शेवंतीवहिनी लावते. आणि गुणाजी निघाला तेव्हा हाच शर्ट अंगात होता, मी स्वतः बघितला होता.

काकी मटकन खाली बसली. "मेल्याच्या अंगावरचे कपडे विकतंस रे काशीराम? माझ्या झिलाचो शर्ट!"

काशीरामशेट धावत आला. एवढा मोठा माणूस, पण घाम फुटलेला. "काकी, रवळनाथाची शपथ! मेलेल्याचो एक धागो मी घेणंय नाय. मुंबैत बोहारणी घरोघर फिरतत, भांडी देतत नि जुने कपडे घेतत. मी तेंच्याकडसून घेतंय. एका घरचे कपडे एका गाठीत, बघा, अजून गाठय सोडलंय नाय. ह्यो शर्ट ह्याच साली घेतलेलो. जित्या माणसाच्या घरातलो!"

जित्या माणसाच्या! सुगंधा, काय सांगू तुला! काकी रडता रडता हसायला लागली. कुजबुजणाऱ्या बायका पुढे येऊन वहिनीच्या पाठीवर हात फिरवू लागल्या. कोणीतरी साखर आणायला धावलं. काकी शर्ट कुरवाळत सगळ्यांना सांगत सुटली, "माझो गुणाजी जितो आसा! माझी सून खरी! मीच मेली खोटी!"

मला वाटलं, आता वहिनी नाचेल. इतकी वर्षं ती एकटी सगळ्यांशी भांडली आणि शेवटी तीच खरी ठरली!

ती आमच्याकडे पाठ करून गाठोड्याजवळ बसली होती. उरलेले कपडे एकेक करून बघत होती. मग तिने गाठ परत बांधली. घट्ट.

"आये," ती म्हणाली, "भटजींका बोलवा."

"कित्याक गो? सत्यनारायण करूया म्हणतंस?"

"दर्भाचो बाहुलो करा. ह्यो शर्ट तेच्या अंगात घाला, आणि जाळा."

काकी ओरडली, "पिशी झालंस? जित्या झिलाचे दिवस घालू?"

"इतकी वर्सां तुम्ही सांगी होतास, मी आयकलंय नाय. आता मी सांगतंय, तुम्ही आयका. तो मेलो."

डोळ्यांत टिपूस नाही. काशीरामशेटला म्हणाली, "ह्या लुगडा बांधून दी. हिरवाच." आणि ते काखेला मारून चालायला लागली. बायका बाजूला झाल्या. मागून काकी हाका मारतेय, शिव्या घालतेय, ही वळायला तयार नाही.

होडीत चढताना तिने माझ्या मुठीत एक बोळा कोंबला.

"मधे खाडीत सोड. आयेक दाखव नको."

काकी होडीत माझ्याच बाजूला येऊन बसली, शर्ट उराशी धरून. मी पदराआड हळूच मूठ उघडली. एवढंसं झबलं गं, दुधाचे डाग पडलेलं, त्याच निळ्या पट्ट्यांचं.

सांग ना सुगंधा, तू काय केलं असतंस?