उजवीकडे झुकलेला आवाज

सहायक रेवतीने टेप लावून तिसऱ्यांदा मोजलं. दोन्ही स्पीकर खुर्चीपासून सारख्याच अंतरावर होते. तरी ध्वनिमुद्रक भागवतांना लावलेल्या गाण्यातला गायिकेचा आवाज मधोमध न येता उजवीकडून, खिडकीच्या बाजूने येत होता.

"डावा स्पीकर बिघडलाय."

"कालच खोक्यातून काढलाय, काका. बिचाऱ्याला नावं नका ठेवू."

"मग दोघांची अदलाबदल कर."

तिने केली, तरी आवाज खिडकीकडेच राहिला. उद्यापासून चित्रपटाचं मिक्सिंग होतं, आणि तीस वर्षं निर्माते त्यांच्या कानांच्या भरवशावर निर्धास्त राहत आले होते.

"खोलीचाच दोष असेल," रेवती हळूच म्हणाली.

खुर्ची फिरवून भागवत स्पीकरांकडे पाठ करून बसले. दोष खोलीचा असता, तर आवाज खिडकीकडून हलला नसता. तो खिडकीसमोरच्या दाराकडे गेला, त्यांच्या उजव्या कानाबरोबर.

ते उठले. खुर्ची पुन्हा स्पीकरांकडे वळवून, रेवतीला तीत बसवून, तिचे कान स्पीकरांच्या रेषेत येईपर्यंत त्यांनी खुर्ची वर घेतली.

"माझा डावा कान गेलाय," ते म्हणाले. "उद्यापासून मिक्सिंग तू करायचंस."